समुद्राला घातलेली मागणी

ती. ठमाआत्यास जीवनचा साष्टांग नमस्कार.

बुधवारी संध्याकाळी बुधाजीकाकांच्या ओटीवर मी ‘समुद्राला’ म्हणालो आणि काकांनी ‘समृद्धीला’ ऐकलं, त्या क्षणी माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. पण ते नंतर. आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. मासळीची पाटी घेऊन मोरा बंदरावर चढ-उतार करू नकोस असं डॉक्टर म्हणाले, तर तू त्यांनाच बोंबील देऊन गप्प केलंस, असं बाबा सांगत होते (मला नाही, भिंतीला. मी कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून ते भिंतीशी बोलतात आणि मी ऐकतो). फोनवर बोललो असतो, पण तू “आयकू नाय येत, गिऱ्हाईक हाय” म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. आपला शेजारचा भावेश ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याला निघालाय, तो वाट वाकडी करून आणून देईल. विनितावहिनीकडून मोठ्याने वाचून घेऊ नकोस. तुझी सून नको तिथे हसते.

मागे हळदीत तू चारचौघांत विचारलंस की हा पोरगा दिवसभर करतो तरी काय, आणि मी ताट टाकून उठलो. त्याचं उत्तर आज देतो. मी खेळ बनवतो. मोबाइलचे नाहीत. माणसं चटईवर बसतात, एक जण गोष्ट सांगतं, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि पुढे काय होणार ते अडलं की कवड्या टाकायच्या. त्याची पुस्तकं मीच लिहितो, मीच छापून आणतो, मीच पिना मारतो, आणि कुठली कुठली, कधी न भेटलेली मंडळी ती मागवून खेळतात. सध्या एकात सगळे कंटेनरचे ड्रायव्हर आहेत आणि ट्रॅफिक सुटेपर्यंत एकमेकांना थापा मारायच्या आहेत (कल्पना भावेशची, पण तो स्वतः हा खेळ खेळत नाही. म्हणतो, ड्यूटी संपल्यावर परत ड्यूटी कशाला). मिठागरातल्या भुतांचाही एक आहे, पण तो अडलाय, कारण भुतं मला न विचारता चांगली वागायला लागली. आणि खरा जीव ज्यात आहे तो खेळ तुझा आहे, आत्या. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना तू पुटपुटतेस ना, “मागनी घातलीय, बगू काय देतोय,” तिथून तो आला. त्यात एक जण समुद्र होतो. बाकीच्यांना वारा, मासळी, हरवलेला भाऊ, काहीही हवं असेल तर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, समुद्राला मागणी घालतो. मग समुद्र सांगतो, त्या बदल्यात काय घेणार.

समृद्धी म्हणजे बुधाजीकाकांची मुलगी. त्यांचं रेती-खडीचं दुकान तीच चालवते, डंपरवाले तिला वचकून असतात. आत्या, ती काय समुद्र होते! आवाज चढवत नाही. भावेशने वारा मागितला तर म्हणाली, देते, पण तुझ्या आईचा आवाज तू विसरायचा. भाजीवाल्याशी कढीपत्त्यावरून हुज्जत घालणारा भावेश खाली मान घालून बसला. त्या रात्री घरी येऊन मी पुस्तकातला माझा समुद्र खोडला आणि तिचा लिहिला. (याचा अर्थ काय ते तुला कळलं असेल. मला कळायला वेळ लागला.)

तर बुधवारी ती मला काहीच देईना. वारा नाही, मासळी नाही. माझं डोकं तुला ठाऊक आहे. मी उठलो आणि ओरडलो की मी समुद्राला मागणी घालतो आणि घेतल्याशिवाय इथून हलणार नाही. बुधाजीकाका आत दाढी करत होते. ते अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि झोपाळ्यावर शांतपणे टेकले.

“समृद्धीला मागनी घालतोस, तं उबा कशाला? बस. पन तुजी मोठी मानसं कुटं हायत?”

आणि त्यांनी आत चहा सांगितला. चहा, आत्या! शहाणा माणूस तो गपचूप प्यायला असता. पण माझ्या खेळातला शब्द कुणी चुकीचा ऐकला की मला राहवत नाही. मी ताडकन म्हणालो, “काका, समुद्राला म्हणालो मी. समृद्धीला कशाला मागणी घालू?”

भावेशने डोळे मिटून घेतले. काकांच्या गालावरचा फेस वाळायला लागला. समृद्धीने एकेक करून कवड्या गोळा केल्या.

“बरोबर आहे. कशाला,” एवढंच म्हणून ती आत गेली.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही, आणि काका बाजारात दिसले तर भिजलेल्या सिमेंटच्या गोणीकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. मला त्याचं काही वाटत नाही. काम जोरात चालू आहे. हे पत्रसुद्धा फक्त कवड्यांसाठी लिहिलं, माझ्या सगळ्या तिच्याकडे राहिल्या. तुझ्याकडच्या थोड्या भावेशबरोबर पाठव. गुडघ्याला जप.

तुझा,
जीवन

ता. क. कवड्या नकोत. रविवारी तूच ये. चांगलं लुगडं नेस, बाबांना पुढे घाल (ते फक्त तुला भितात) आणि बुधाजीकाकांकडे जाऊन माझ्यासाठी खरीखुरी मागणी घाल. कॉलेजचं तूच सांग. तू सांगितलंस की ते पराक्रमासारखं वाटतं.

आणखी ता. क. रविवारी येऊ नकोस. वरचं वाचून पाहिलं, तर त्यात तू, बाबा, काका सगळे आहेत, आणि तिला कुणी विचारायचं ते कुठेच नाही. ‘कशाला’ मी म्हणालो, ते मलाच निस्तरायला हवं. आत्ता ती दुकानावर असेल. ‘मला तू आवडतेस,’ एवढंच तिला सांगणार आहे. नाही म्हणाली तर भांडणार नाही (प्रयत्न करीन). हो म्हणाली तर मात्र पहिल्या गाडीने ये. भावेश खाली हॉर्न वाजवतोय. ही ओळ जिन्यात उभा राहून, दार बाहेरून ओढून घेऊन त्याच्यावरच कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. लॅच लागलं. किल्ली आत राहिली. निघालो.