भिंतीपलीकडचा वेल

प्रिय इवाओ, भिंतीपलीकडच्या माणसा,

सोबतचा डबा आधी उघडू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. शाळेत मास्तर वर्गात यायच्या आत तुझा जेवणाचा डबा रिकामा झालेला असायचा, आणि दुपारी माझ्या डब्याकडे बघत बसायचास. तर आधी हे वाच. चष्मा शोध, खिडकीपाशी बस आणि सावकाश वाच. डब्यात जे आहे ते सहजासहजी आलेलं नाही. त्यासाठी मी या वयात शिडीवर चढले आहे, आणि हे चिनात्सुला कळवायचं नाही. तुझी सून चांगली आहे, पण लगेच फोन करून रागावते.

तिनेच मार्चमध्ये फोन केला होता. इकडे छपरावरचं बर्फ नुकतं धपाधप पडायला लागलं होतं. "काकू," ती म्हणाली, "बाबा नीट जेवत नाहीत हो. परवा मासे परत केले, काल भातसुद्धा. डॉक्टर म्हणतात, तपासण्या सगळ्या ठीक आहेत, वय झालंय. मी विचारलं, बाबा, तुम्हाला आवडेल असं काय करू? तर म्हणाले, किनुएच्या भिंतीवरची सारुनाशी असेल तर दे. काकू, ते काय असतं? ओसाकात कुठे मिळेल?" मी म्हटलं, "दुकानात नाही मिळायचं ते. शरदात पिकेल तेव्हा मी पाठवते." अगदी तोऱ्यात बोलून बसले. फोन ठेवला आणि तशीच वेलापाशी जाऊन उभी राहिले. कारण तुला कुणी सांगितलं नसेल, तू ओसाकाला गेल्यापासून माझ्या वेलाला एकही फळ लागलं नव्हतं. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. फुलायचा असा की मांडव पांढरा व्हायचा, आणि जून सरला की सगळं खाली. मी झाडून कंटाळायची.

आठवतं का, तुझी नात पहिल्यांदा इकडे आली होती तेव्हा तिने सारुनाशी तळहातावर घेऊन उलटीसुलटी पाहिली होती आणि विचारलं होतं, "आजी, ही किवीची पिल्लं का? यांना अजून केस यायचे आहेत?" तू इतका हसलास की चहा नाकातून आला. तेव्हापासून बोराएवढी ती हिरवी फळं सालासकट तोंडात टाकताना मला उगाच एखाद्याचं बाळ खाल्ल्यासारखं वाटतं.

वेल आणलेस तूच. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी तुझंही झालं. तू नदीवरच्या, वेलांनी विणलेल्या पुलासाठी वेल कापायला वरच्या रानात गेला होतास, येताना फडक्यात गुंडाळून दोन रोपं आणलीस. एक भिंतीच्या या बाजूला लावलंस, एक त्या बाजूला. "जे जरा धट्टंकट्टं आहे ते तुला," म्हणालास, "मला मरतुकडं चालेल, मी राखतो." मग काय झालं ते सगळ्या वाडीला माहीत आहे. माझ्याला चौथ्या-पाचव्या वर्षी फळं लागली आणि तुझं ते मरतुकडं वाढून देवदाराला मिठी मारून बसलं, पण फळाच्या नावाने शून्य. मी दर थंडीत कात्री घेऊन माझा वेल छाटायची. जुन्या काड्या काढून टाकायच्या, नव्या काडीवर मोजके डोळे ठेवायचे, कारण फळ धरतं ते गेल्या वर्षीच्या काडीतून निघालेल्या फुटव्यावर. आणि तू भिंतीवर कोपरं टेकून म्हणायचास, "किनुए, तू न्हावी व्हायला हवी होतीस. बिचाऱ्याची हजामत केलीस पुरती." मी म्हणायची, "आणि तुझा बघ, जटा वाढवून बसलाय. ना फळ ना फूल." फूल यायचं म्हणा, पण रागात कोण खरं बोलतं?

तू मात्र त्याला कात्री लावू द्यायचा नाहीस. "हा खायचा वेल नाही, हा पुलाचा वेल आहे," म्हणायचास. पूल विणणाऱ्याला वेल लांब हवा, फळं खाणारीला आखूड हवा, यावर आपण जन्मभर भांडलो. भांडायला दुसरं काही नव्हतं म्हणूनही असेल. एका वर्षी माझ्या यजमानांच्या आजारपणात मला छाटणीला उशीर झाला होता, वसंत लागल्यावर कात्री लावली आणि कापलेल्या प्रत्येक टोकातून पाणी ठिबकायला लागलं. किती दिवस ठिबकलं! मी घाबरले, वेल मरतो की काय. तू भिंतीवरून बघितलंस, म्हणालास, "रडवलंस ना त्याला," आणि घरात जाऊन एक भांडं आणून खाली लावलंस. संध्याकाळी दोन वाट्यांत ते पाणी ओतून एक मला दिलीस. रानातले लोक तहान लागली की हेच पितात, म्हणालास. चव कसलीच नव्हती. थोडी गोड होती का? आता सांगता येत नाही.

तर फळ का लागत नाही, याचा मी ध्यास घेतला. आधी वाटलं, कळ्यांना थंडीचा चटका बसला. पण वाडीतल्या सावानोच्या घरचे जर्दाळू त्याच थंडीत लगडले होते. मग वाटलं, भुंगे येत नसतील. स्टूल घेऊन मांडवाखाली बसून राहिले. भुंगे होते की! माझ्या टोपीवरसुद्धा बसत होते. खालच्या गावातल्या खताच्या दुकानात विचारलं. तो मुलगा म्हणाला, "आजी, भूक लागली असेल त्याला," आणि एक पोतं गळ्यात मारलं. पानं हाताएवढी झाली, फळ नाही ते नाहीच. छाटणी चुकली म्हणावी तर तीच कात्री, तोच हात. मी वेलाशी बोलायलासुद्धा लागले होते. म्हटलं, बाबा रे, मी म्हातारी झाले तशी तूही झालास का?

आणि गंमत बघ. हे सगळं डोक्यात घोळवत मी दर आठवड्याला दवाखान्यात जायची, आणि दवाखाना नदीपलीकडे. म्हणजे पुलावरून. तू ओसाकाला निघालास तेव्हा पुलाच्या मंडळींना म्हणाला होतास ना, "माझा वेल घेऊन जा. निकामी माणसाचा निकामी वेल, पुलाला तरी लागू दे." त्याच थंडीत ते आले, देवदारावरून तो खाली ओढला, धगीवर शेकून मऊ केला आणि पुलाच्या उजव्या कठड्यात विणला. कुठला तो मला बरोबर माहीत आहे. पलीकडच्या टोकाशी त्याला एक गाठ आहे, तू खिळा ठोकून कपडे वाळत घालायचास तिथे आलेली. जाता-येता माझा हात आपोआप त्या गाठीवर जातो. दोन वर्षं मी ज्याचा शोध घेत होते त्यालाच धरून नदी ओलांडत होते, आणि मला काही म्हणून कळलं नाही.

कळलं ते मांजरामुळे. सावानोचं ते काळं मांजर आहे ना, ते या एप्रिलमध्ये रोज तुझ्या परसात जायचं आणि गवतात लोळून लोळून वेडं व्हायचं. लाळ गाळत, पाय वर करून. मला वाटलं, काहीतरी विषारी खाल्लंय. विळा घेऊन गेले, गवत कापलं, तर खाली तुझ्या वेलाचा बुंधा. जिवंत! हरणांनी दोन वर्षं कुरतडून ठेवलेला, तरी दोन लांब फुटवे गवताच्या आडोशाने वाढून भिंतीला लागलेले. मांजर त्यालाच अंग घासत होतं. मी तिथेच बसकण मारली. या जातीच्या वेलाने मांजरं पिसाटतात हे लहानपणापासून माहीत, पण कुणी मेलेल्या लाकडासाठी इतकं पिसाटणार नाही, एवढं तरी मला आधीच सुचायला हवं होतं.

त्या फुटव्यांना मी जाळी लावली. जूनच्या सुरुवातीला त्यावर थोडी फुलं आली, माझा वेल तर भरगच्च. आणि माझ्या मनात आलं, बघू तरी. यजमानांचं औषधांच्या चिठ्ठ्या वाचायचं भिंग काढलं. माझं एक फूल घेतलं, तुझं एक घेतलं, आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. इवाओ, ती दोन वेगळी फुलं आहेत! माझ्या फुलाच्या मधोमध हिरवा मणी, त्यावर पांढऱ्या काड्यांची चांदणी, भोवती काळे ठिपके. तुझ्यात नुसते काळे ठिपके, गच्च भरलेले, बोटाला पिवळी पूड लागेल असे. मणी नाहीच. मग एकदम आठवलं, तुझी फुलं भिंतीवरून माझ्या पायऱ्यांवर पडायची ती अख्खीच्या अख्खी पडायची. माझ्या पाकळ्या गळायच्या आणि मणी वेलावर राहायचा. इतकी वर्षं मी दोन्ही एकाच खराट्याने झाडली आणि कधी खाली वाकून बघितलं नाही. तुझा वेल नर आहे. त्याला फळ लागणार कुठून? माझ्याला लागत होतं ते त्याच्यामुळे.

मग काय, शिडी लावली. तुझ्या बाजूची फुलं खुडायची आणि एकेक माझ्या फुलांच्या चांदणीवर हलकेच फिरवायचं. सावानो रस्त्यावरून ओरडली, "म्हातारे, उतर खाली! काय चाललंय?" मी म्हटलं, "लग्नं लावतेय." ती म्हणाली, "या वयात? कुणाची?" मी म्हटलं, "इवाओच्या घरची स्थळं आहेत." ती इतकी हसली की तिची चहाच्या पानांची टोपली सांडली. आता ती वाडीभर सांगत फिरते, किनुएने इवाओशी सोयरीक जमवली म्हणून. मी काही खुलासा करत नाही. कशाला करायचा?

मणी गळले नाहीत. जुलैत ते शेंगदाण्याएवढे झाले, ऑगस्टमध्ये माकडं आली तेव्हा मी डबे बडवले, आणि काल ती उतरवली. जास्त नाहीत, ओंजळभर असतील. मी एकही चाखलं नाही. अजून कडक आहेत, तेव्हा घाई करू नकोस. कागदाच्या पिशवीत सफरचंदाबरोबर ठेव, रोज एक दाबून बघ, कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की खा. चिनात्सुला आणि नातीलाही दे. पण आधी तू.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. फळं पाठवायला डबा पुरेसा होता. तुझ्या बुंध्याला दोन फांद्या आहेत. माझी हौस म्हणते, दोन्ही फांद्या फुलं संपल्या संपल्या आखूड करून भिंतीवर ठेवाव्या, म्हणजे पुढल्या वर्षी मांडव लगडेल. पण तुझा वेल लांब जाऊ द्यायचा असतो हे मी जन्मभर ऐकलं आहे. एक भिंतीवर ठेवावी आणि एक देवदाराकडे सोडावी, असं माझ्या मनात आहे, पण कुठली कुठे ते मी ठरवणार नाही. तो तुझा वेल आहे. या थंडीत पूल नव्याने विणतील, तेव्हा तो गाठवाला वेल खाली उतरेल. तो मी मागून घेतला आहे, तो तुझ्या अंगणात आणून ठेवतील. तुझं घर मी दर आठवड्याला उघडते, चूल पेटवून धूर करते, छपराला अजून काही झालेलं नाही. परवा चिनात्सुशी बोलले. ती आधी रडली, मग म्हणाली, "काकू, बाबा तयार असतील तर मी स्वतः आणून सोडते, थंडीभर राहू देत, मग बघू." म्हणजे आता फक्त तुझं हो म्हणणं उरलं आहे. बटाटे काढून ठेवले आहेत, कुट्टूचं पीठ ताजं दळलं आहे, त्याच्या शेवया तू आल्यावर करीन. तुझी कात्री गंजली होती, ती घासून धार लावून तुझ्या दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे. वेलात पाणी चढायच्या आत ये. उशीर करशील तर मीच कात्री चालवीन, आणि मी चुकीच्या वेळी चालवते हे तुला माहीत आहे. मग तो रडेल, आणि भांडं लावायला तुलाच यावं लागेल. दोन वाट्या मी धुऊन ठेवल्या आहेत.

तुझीच,
भिंतीअलीकडची किनुए