चांदणीचे दावे

प्रिय मोहिनीस अनेक आशीर्वाद.

मी, सटवा लिंबाजी, वय वर्षे शहात्तर, धंदा जनावरे राखणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार पाली, तुझा सख्खा आजोबा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो ते येणेप्रमाणे.

गेल्या उन्हाळ्यात चारा छावणीत तुझ्या मंडळींनी नाटक केले, तेव्हा मी पुढच्या ओळीत होतो. पडदा नाही, रंगरंगोटी नाही, जनावरही नाही; केवळ गाय बांधायचे एक दावे. ते तू बघणाऱ्यांपैकी एकेकाच्या हाती द्यावेस आणि त्याने नसलेली गाय बाजारात विकावी, असा खेळ होता. आरंभी लोक हसले. आपला शेजारी हनुमान ओरडला, "लई गरीब गाय हाय बे, वैरण मागत न्हाई." पुढे त्याच्याच हाती दावे आले. तो रिकाम्या हवेत पाठीवरून हात फिरवावा तसा हात फिरवीत राहिला, त्याला सोडवेना. ज्यांनी जनावरे विकली होती, त्यांच्या माना खाली गेल्या.

मग तू माझ्यापुढे आलीस. "आबा, दावं धरा." मी उठून चालता झालो. नातीने चारचौघांत नाटक करणे मला लाजिरवाणे वाटले, असा तुझा समज झाला व तेव्हापासून तू बीडहून घरी आली नाहीस. तो समज चुकीचा आहे. तुझे काम उत्तम होते.

एक चूक मात्र होती. तुझ्या खेळात विकणारा गाय दाव्यासकट देतो. तसे कोणी देत नाही. घेणारा आपले दावे आणतो. जुने दावे मालक घरी परत नेतो, गोठ्याची बरकत जाऊ नये म्हणून. हे मी तिथेच सांगणार होतो. परंतु मग तू विचारले असतेस, आपल्या चांदणी गाईचे दावे कुठे आहे?

चांदणी आजाराने गेली, दाव्यासह बांधावर पुरली, असे मी तुला तीन वर्षांपूर्वी सांगितले होते. तू वसतिगृहातून येऊन तिथे भाकरी ठेवलीस. तिथे काही नाही. मी तिला बाजारात विकले. वैरण नव्हती हे खरे. तुला सांगण्याचे धाडस नव्हते, हेही खरे.

ते दावे कणगीमागे होते. या पत्रासोबत पाठवीत आहे. खेळात हेच वापरावे. मांजरसुंब्याच्या प्रयोगाला मी पुढच्या ओळीत बसेन. माझ्यापुढे पुन्हा ये. या वेळी धरीन.

तुझाच,
आबा

समक्ष हजर साक्षीदार :
१. हनुमान, शेजारी. पुडके तोच एसटीने आणील.
२. चतुराबाई, तुझी आजी. वाचून दाखविल्यावर म्हणाली, "दावं कणगीमागं हाय, मला पयल्यापासून ठावं व्हतं. पोरीला घरी बोलवा, येवढंच लिवा." अंगठा उमटविला आहे.