जुनाच नंबर

सोमवार, ६ सप्टेंबर २००४

पुन्हा जुनंच! मी सांभाळते त्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर अजून आईच — 'मोदकांची उकड बिघडली? लीलावतीताईंना फोन करा' — आणि खाली लेस्टरच्या घरचा नंबर. आई मे महिन्यात गेली. ती ओळ पुसायला इतके दिवस हात धजेना. काल एकदाची पुसली, तिथे मंडळातल्या शिल्पाचं नाव आणि नंबर घातला. आणि आज ओळ जागच्या जागी!

बाबांचा फोन. "दोघींचे फोन आले गं. लीलावतीताई आहेत का म्हणून." काय सांगितलंत, विचारलं. "सांगितलं काहीतरी." आणि फोन ठेवून दिला. गणपती बारा दिवसांवर. रोज किती जणींना त्यांनी ते सांगायचं?

मंगळवार, ७

स्क्रिप्ट चारदा बदलली, पाचदा सर्व्हरवर चढवली. ढिम्म! पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार, ८

सापडलं! माझा कोड रविवारपासूनच बरोबर होता. आगाऊपणा ब्राउझरचा — एकदा आणलेली फाइल कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, जपून ठेवतो, नवी मागायला जातच नाही. शिळं वाढायचं आणि वर ताजं म्हणायचं! कंट्रोल धरून एफ-फाइव्ह दाबलं, शिल्पा हजर. दोन दिवस मी धडधाकट कोडची चिरफाड करत बसले. गाढव मी.

गुरुवार, ९

पण माझ्याकडे दिसून उपयोग काय? ज्यांनी उन्हाळ्यात पान उघडलं होतं, त्यांच्याकडे आईच. सगळ्यांना ईमेल केली — कंट्रोल आणि एफ-फाइव्ह दाबा. लगेच मंडळाचे सेक्रेटरी नंदूकाका फोनवर: "दाबलं की! आधी एफ, मग पाच. काही झालं नाही. तुझी वेबसाइटच बंडल आहे." डोकं आपटावंसं वाटलं.

शनिवार, ११

बाबांकडे आज पाच फोन. पाच!

रविवार, १२

फाइलचं नावच बदललं. या नावाची फाइल ब्राउझरकडे नाहीच, झक मारत नवी आणेल. पानालाही तंबी दिली — साठवायचं नाही म्हणजे नाही!

बुधवार, १५

दोन दिवसांत बाबांकडे एकही फोन नाही. जिंकले!

गुरुवार, १६

बाबा: "मंजू, आपला फोन बिघडलाय का गं? वाजतच नाही." मी मोठ्या तोऱ्यात सगळा पराक्रम सांगितला. ते म्हणाले, "असं होय. ती बेडफर्डची मुलगी परत करणार होती. तिची उकड फार चिकट होते."

मला कळेना. तुम्ही तिला सांगितलंत तरी काय?

"म्हटलं, त्या आता नाहीत, पण उकडीचं मला विचारा. जेवढं पीठ तेवढंच पाणी, चमचाभर तूप, गॅस बंद करून झाकण. मळताना हात ओला. अगं, बत्तीस वर्षं ती फोनवर हेच सांगायची आणि मी शेजारी पेपर वाचायचो."

बाबा! ज्यांनी जन्मात चहा केला नाही! ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

शुक्रवार, १७

शिल्पाला विचारून ओळ बदलली, बाबांचं नाव घातलं — 'कमलाकरकाकांना फोन करा.' नंबर जुनाच, घरचा. आता कॅशने खुशाल जुनं दाखवावं!

पहिला फोन मीच लावला. माझीही उकड चिकट होते.