सात कोपऱ्यांचं सोनं

८ ऑक्टोबर, रविवार

सत्यानाश केला. माझ्याच हातानं. नाणेसंग्राहक क्लबच्या प्रदर्शनासाठी पन्नास पेन्सचं सात कोपऱ्यांचं सोन्याचं नाणं डबीतून बाहेर काढलं — लंडनच्या क्यू बागेतल्या पॅगोड्याचं, माझ्या संग्रहातलं सगळ्यात मानाचं. हातमोजे शेजारीच पडले होते. घातले नाहीत. अंगठा उमटला, नेमका आरशासारख्या कोऱ्या भागावर. आणि मग मी तो रुमालानं पुसला! क्लबात नवीन कुणी आलं की मीच बजावतो, प्रूफ नाणं, म्हणजे संग्रहासाठीच आरशासारखं घडवलेलं, कधी पुसायचं नाही. आता त्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालंय. उजेडात धरवत नाही.

११ ऑक्टोबर

प्रदर्शनातून नाव मागे घ्यावं का? पण लाउथ गावभर सांगून बसलोय.

१५ ऑक्टोबर, रविवार

क्लबातल्या जुन्या मित्राकडे, हॉरेसकडे गेलो. त्याची नजर गेल्यापासून दर रविवारी जातो. त्याच्या नाण्यांच्या डब्या एकेक उघडायच्या आणि आत काय दिसतं ते त्याला सांगायचं. जन्मभर रेल्वेचे सिग्नल सांभाळले त्यानं, आणि म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला.

"पॅगोडा कसाय आज, लायनेल?"

"निष्कलंक."

खरंच होता. त्याचं नाणंही तेच, त्याच सालचं. डबीही तशीच.

तो भिंत चाचपत चहा ठेवायला गेला. मदत करू देत नाही. मी माझी डबी त्याच्या पेटीत ठेवली आणि त्याची खिशात घातली. एवढंच. किटली उकळायच्या आत झालं.

परत आला तो मनुकांच्या पावाची बशी घेऊन, वर चीज. "कडेचा तुकडा तुझा. तुला आवडतो ना." खाल्ला. सगळा.

२२ ऑक्टोबर, रविवार

"पॅगोडा सांग."

सांगितला. मनोऱ्याभोवतीच्या वेलीचं पान न् पान सुटं दिसतंय म्हणालो. पाठ होतं, बघायची गरजच नव्हती.

"घाईत आहेस का रे?"

"नाही. घसा बसलाय."

लगेच मध घालून गरम पाणी करून दिलं त्यानं.

२६ ऑक्टोबर

चोर हा शब्द आज स्वतःशी मोठ्यानं म्हणून पाहिला. बसतो.

४ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं बक्षीस. निळी फीत. हॉरेस काठी टेकत आला आणि माझ्या टेबलापाशीच उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत — "लायनेलचं बघितलंत? माझ्याकडेही आहे बरं का, असंच." लोक हसून मान डोलवत होते. मी सभागृहाच्या फरशीकडे बघत होतो.

५ नोव्हेंबर, रविवार

ठरवूनच गेलो होतो. तो चहाला उठला की परत अदलाबदल करायची. डबी खिशात.

दार ढकललं तर टेबलावर रिकाम्या डब्यांचा ढीग. सगळी नाणी बाहेर, उघडी. हॉरेस दोन्ही हातांनी चाचपत होता.

"ये, बस. आजपासून हातमोजे बंद. इतकी वर्षं यांना बोट लावलं नाही मी. कुणासाठी जपत होतो? आता आरसा मला काय कामाचा?" पॅगोडाच त्याच्या हातात होता. "हे बघ, मजले लागतात बोटाला. उलटं केलं की राणीचं नाक. कालच्या सगळ्या गर्दीत हे माझ्याइतकं कुणी बघितलं असेल?"

त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

माझे ओरखडे त्याच्या बोटांच्या ठशांखाली गेले. आता जगात कुणी मला पकडू शकत नाही. सुटलो. डबी तशीच खिशात घेऊन घरी आलो आणि कोटासकट खुर्चीत बसून राहिलो. इतकी लाज तर चोरी करतानाही वाटली नव्हती.

८ नोव्हेंबर

फीत कपाटात टाकली, कपड्यांखाली.

१२ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. हॉरेसनं चहाचा कप खाली ठेवला. मग तळहात पुढे केला. त्याची डबी त्यावर ठेवली. त्यानं ती उघडली, नाणं काढलं, आणि अंगठा दाबून पॅगोड्यावरून फिरवला.

"आता कसं दिसतंय?"

"डाग पडलाय."

"हं." नाणं मुठीत धरून तो मला दारापर्यंत सोडायला आला. "पुढच्या रविवारी येऊ नकोस," म्हणाला. "त्याच्या पुढच्या रविवारी ये."