ओढ्यावरची सुरगाठ

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. ही नुसती लिहिण्याची रीत समजू नकोस. काल संध्याकाळपासून मी खरोखरच आडवा आहे, पाठ शेकून घेतो आहे आणि हे पत्र पालथं पडून लिहितो आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? दोघंही ठणठणीत असाल अशी आशा करतो, कारण पुढचा मजकूर धडधाकट माणसानेच वाचावा असा आहे.

तू म्हणशील, हा शिंपी माणूस, वरच्या फळीवरचं कापड काढायला गिऱ्हाइकालाच शिडीवर चढवतो, हा स्काउटच्या शिबिराला गेलाच कशाला? तर मागच्या वर्षी माझ्या लेकीला दुकानातल्या बटणांच्या डब्यात एक पितळी बिल्ला सापडला, गाठी बांधण्यात पहिला आल्याचा. हा कुणाचा, असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझा. तो तुझा आहे हे मला ठाऊक आहे, ताई. पण त्या क्षणी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं आजवर कुणी पाहिलेलं नाही (तुझ्या भावजयीने तर नाहीच). मग ती शाळेच्या पथकात गेली, संघनायक झाली, आणि शनिवार-रविवारच्या शिबिराला पालक मदतनीस हवेत म्हटल्यावर तिने सगळ्यांच्या आधी हात वर केला. स्वतःचा नव्हे, माझा. मनगट धरून.

शनिवारचं काय सांगू! तंबू उभा राहिला तेव्हा मी कापडाच्या आत होतो. होकायंत्र घेऊन उत्तरेला निघालेला आमचा संघ तीनदा स्वयंपाकाच्या चुलीपाशीच येऊन पोचला, कारण होकायंत्र माझ्या हातात आणि माझी कात्री माझ्या खिशात. (लोखंडाने काटा फिरतो म्हणे. पण कात्रीशिवाय मला अंगावर कपडे असल्यासारखंच वाटत नाही.) भीती तोवर नेहमीचीच होती: उंची, पाणी, गवतात काहीतरी सळसळणं. तिची सवय आहे.

रविवारी सकाळी संघांची स्पर्धा लागली. ओढ्यावर दोरांचा पूल बांधायचा, एक दोर पायाखाली, एक हातांना, आणि अख्खा संघ पलीकडे न्यायचा. मोठे सर (गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीहून मोठा) म्हणाले, पायाखालच्या दोराची गाठ बिल्लेवाले बाबाच बांधतील. लेकीने गावभर केलं होतं ना! सात पोरं माझ्या हातांकडे बघत राहिली. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याआधीच हात आपोआप चालू लागले. तीस वर्षं ते जे करत आलेत तेच त्यांनी केलं: गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्याला बांधतो तशी सुरगाठ झाडाला बांधली. घरी जाऊन एक टोक ओढलं की गठ्ठा सुटला पाहिजे, अशी. मग मी पाणी प्यायला गेलो.

मी परत आलो तेव्हा लेक दोराच्या मध्यावर होती. मी कौतुकाने गाठीकडे पाहिलं, तर गाठीचा कान हळूहळू लहान होत होता. आपण काय करून बसलोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओरडलो तर ती दचकून पडेल, गप्प बसलो तर गाठ सुटून पडेल. खाली खोल पाणी, वर आलेले खडक. मी समोरच्या दगडाला पाय लावले, दोर दोन्ही हातांनी धरला आणि मागे रेललो. ताई, इतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही. पुन्हा खोटं बोलणार नाही, असं देवाला कबूल करून टाकलं. ती पोचली, हसली, आणि लगेच दुसरं पोर दोरावर चढलं. अशी सात. सातवं चांगलं खात्यापित्या घरचं होतं.

आमचा संघ पहिला आला. दोरावरचा हात शेवटपर्यंत न काढणारा पालक पहिल्यांदाच पाहिला, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. मी मान खाली घातली, तो विनय समजला गेला.

तुझा,
अजून पालथाच असलेला भाऊ

ता. क. पुढच्या रविवारी शाळेत माझा सत्कार आहे आणि मी पाच गाठी बांधून दाखवायच्या आहेत. तू शनिवारीच ये, गुडघ्यासकट, आणि मला शिकव. बिल्ल्याचं मात्र बोलू नकोस. देवाला दिलेला शब्द सत्कारानंतरच्या सोमवारपासून पाळेन.

आणखी एक. पत्र पेटीत टाकायला लेकीकडे देतो आहे. काळजी नको, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

(पेन्सिलीने) आत्या, मी वाचलं. पाणी माझ्या गुडघ्याएवढं होतं. बिल्ल्याच्या मागे तुझं नाव कोरलंय, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. आणि बाबांची गाठ सुटणार हे मला दिसलं होतं, म्हणून ते पाणी प्यायला गेले तेव्हा उरलेल्या टोकाने मी झाडामागे, तू सुट्टीत शिकवलेली पक्की गाठ मारून ठेवली. तरी मध्यावर मला खूप भीती वाटली. मागे बघितलं तर बाबा दोर धरून होते. मग नाही वाटली. तू ये, त्यांना गाठी शिकव, पण बिल्ला परत मागू नकोस.