योमकाकाचे चाळीस प्रोसेसर

गुनसान,
१४ ऑक्टोबर २०१७

चि. ग्यू-सक यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चोरवोनच्या छावणीत आताच दात वाजायला लागलेत म्हणतोस, म्हणून आईने लोकरीचे मोजे पाठवलेत. ते दुसऱ्यांना वाटत बसू नकोस.

इकडे योमकाकाने घरमालकाला गाठलंय. डिसेंबरअखेर आपल्या कॉम्प्युटर-गेमच्या दुकानाचा करार संपला की ती जागा मला द्या, तिथे माझी दुसरी शाखा काढतो, असं सांगून आला. घरमालक मला म्हणाला की पोरी, तुझ्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर मी कशाला दुसऱ्याला देऊ, पण त्या भरलेल्या दिसत नाहीत. खरंच दिसत नाहीत. बेटावरच्या नेमबाजीचा तो नवा खेळ आपल्या यंत्रांवर अडखळतो आणि पोरं रस्ता ओलांडून समोर त्याच्याकडे जातात. काल एक जण रामेनच्या शेवया माझ्याकडे खाऊन खेळायला तिकडे गेला. तिकडचं रामेन पाणचट असतं म्हणे.

या माणसाला आप्पांनी धंदा शिकवला. आणि वसंतात आप्पा गेले तेव्हा हा शोकगृहात तिखट रश्श्याचे दोन वाडगे रिचवून बाहेर पार्किंगमध्ये उभा राहिला, आणि भेटायला आलेल्या आपल्याच गिऱ्हाइकांना त्याच्या नव्या दुकानाची फुकट तासांची कुपनं वाटली. आत येऊन आप्पांच्या फोटोपुढे वाकलासुद्धा नाही. आप्पांच्या जागेवर त्याची पाटी लागलेली मी बघणार नाही, मग काहीही करावं लागो.

तर आता कामाचं. सहा यंत्रं सुधारण्यापुरते पैसे आहेत. कोणता प्रोसेसर आणि त्याला कोणता मदरबोर्ड चालतो, हे स्वच्छ लिही. मला रामेनला किती पाणी लागतं ते कळतं, बोर्डातलं नाही. चुकलं तर दुसऱ्यांदा घ्यायची ऐपत नाही.

बाकी ठीक. बंदूक नीट पूस, पोटभर जेव, आणि ताईवर माया ठेव.

तुझी,
मी-ओक ताई


चोरवोन छावणी,
२२ ऑक्टोबर २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. एक जोड दिला, पण सार्जंटला दिला, त्यामुळे तो दानधर्म धरू नकोस.

आठव्या पिढीचा, सहा कोरचा नवा प्रोसेसर घे. आता पुढचं दोनदा वाच. हा प्रोसेसर आपल्या गेल्या वर्षीच्या बोर्डात बसतो. सॉकेट तेच, पिना तितक्याच, वरची पट्टीही टक्कन लागते. फक्त यंत्र चालू होत नाही. पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी राहते, कारण आतली विजेची मांडणी बदललीय. म्हणून त्याला तीनशे मालिकेचा नवा बोर्डच लागतो. तो महाग आहे. स्वस्तातले पुढच्या वसंतात येतील म्हणतात, पण तोवर आपण थांबलो तर दुकान राहणार नाही. सहा प्रोसेसर, सहा नवे बोर्ड, आणि सगळे काचेजवळच्या रांगेत लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू देत.

आता योमकाकाचं. तो आपल्या भंगारातली खोकी उलटीपालटी करून बघतो, हे तूच मागे लिहिलं होतंस. आप्पा असताना विचारून घ्यायचा, आता चोरून बघतो. गेल्या वर्षीच्या बोर्डांची रिकामी खोकी मी माळ्यावर ठेवलीत. भंगार काढायच्या दिवशी नव्या प्रोसेसरची खोकी आणि ती जुनी खोकी एकत्र बांधून बाहेर ठेव. नव्या बोर्डांची आईच्या पलंगाखाली सरकव. कुणाशी काही बोलू नकोस. त्याचं अख्खं दुकान काळ्या स्क्रीननी भरलेलं मला बघायचंय. मला सुट्टी मिळणार नाही, तेव्हा माझ्या वाटचंही तूच बघ.

आईला नमस्कार. पत्राला उशीर झाला तरी राग धरू नये, एवढी कृपा असावी.

तुझा,
ग्यू-सक


गुनसान,
२ नोव्हेंबर २०१७

चि. ग्यू-सक यास,
योमकाकाचे अ. उ. आ. वि. वि.

बाळा, तुझी फार आठवण येते. तुला पेचकस धरायला मीच शिकवलं, ते तू विसरला नसशील. सैन्यात माणूस होतोस की नाही ते आल्यावर बघू.

तुमच्या पहिल्या रांगेतली यंत्रं काय झकास चालतात. परवा भंगारापाशी सहज माझी नजर गेली. तुझ्या ताईने नवे प्रोसेसर जुन्याच बोर्डांत बसवलेले दिसतात. माझ्याकडे तसला एकच बोर्ड पडलाय, तो घरी येऊन पाहिला, तर सॉकेट तेच. देजॉनला एक दुकान बंद होतंय, तिथे असे चाळीस बोर्ड कवडीमोलाने मिळतायत, त्यांवर चाळीस नवे प्रोसेसर बसवीन. बारावीची परीक्षा संपते त्या संध्याकाळी पोरं सुटतात, तेव्हा माझं सगळं दुकान नवं करून उघडायचं मनात आहे. असल्या गोष्टी तुझ्या आप्पांना विचारल्याशिवाय मी कधी घेतल्या नाहीत. आता ते नाहीत, म्हणून तुला विचारतो. चालतील ना?

मनात काही असेल तर काढून टाक. धंदा आहे, ज्याचं त्याचं पोट आहे. लोभ पूर्वीसारखाच असावा.

तुझा,
योमकाका


चोरवोन छावणी,
९ नोव्हेंबर २०१७

ती. योमकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. चालणार नाहीत. सॉकेट एकच असलं तरी नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर सुरू होत नाही. त्याला तीनशे मालिकेचा बोर्ड लागतो, आणि आमच्या पहिल्या रांगेत तेच आहेत. भंगारातली खोकी गेल्या वर्षीची होती. ते चाळीस बोर्ड घेऊ नका. आप्पांनीही तुम्हाला हेच सांगितलं असतं.

काकूंना नमस्कार. लोभाचं तुम्ही लिहिलंत, ते वाचलं.

ग्यू-सक


गुनसान,
२६ नोव्हेंबर २०१७

चि. ग्यू-सक यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वाटचंही पाहिलं, डोळे भरून पाहिलं. गुरुवारी संध्याकाळी परीक्षा सुटली आणि पोरांची रांग त्याच्या जिन्याखालून चौकापर्यंत गेली. एकही आधी लावून न पाहता त्याने चाळीस यंत्रं एकदम सुरू केली. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळ्या. तो एकेका यंत्रापाशी वाकून बटणं दाबत होता. मी काचेशी उभी राहून हसले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. मग ती सगळी वरात रस्ता ओलांडून आपल्याकडे आली. खुर्च्या भरल्याच, वर एकेका खुर्चीमागे दोघं-दोघं उभे. घरमालक बघायला आला, त्याने उभ्यानेच रामेन खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी करारावर शिक्का मारला.

काल योमकाका वर आपल्या दुकानात आला, पोरं खेळत असताना. हातात तुझं पत्र. ते मला वाचायला दिलं, आणि तू त्याला खरं सांगितलंस हे बघून माझं डोकं फिरलं. मी माळ्यावर चढून खोकी काढायची, आणि तू परस्पर सगळं सांगून मोकळा. मग तो म्हणाला की पत्र वाचून तो काकूसमोर मोठ्याने हसला होता. पोरगं बापाचा राग काढतंय, मी घेऊ नये म्हणून उलटं लिहितंय, तेव्हा माल नक्की चांगला, असा त्याने हिशेब केला. त्याच संध्याकाळी देजॉनला फोन केला. आता माझ्यावर खेकसला की तुझ्या भावाला खरं लिहायचं काय कारण होतं, त्याच्या जागी मी असतो तर खोटं लिहिलं असतं, कोणीही लिहिलं असतं. सगळ्यांसमोर म्हणाला. नुकसान अर्धं अर्धं करा म्हणून अडून बसला.

मी म्हटलं की जरूर करू, आधी या पोरांना सगळं पहिल्यापासून सांगा, शोकगृहाच्या पार्किंगपासून. पोरांनी कानावरचे हेडफोन काढले. तेव्हा आवाज खाली आणून त्याने विचारलं की बरं, आता मी कोणता बोर्ड घेऊ. मी म्हटलं की तुमच्या हातातल्या पत्रात लिहिलंय. त्याने चष्मा चढवला, पत्र पुन्हा सबंध वाचलं, आणि मला विचारलं की हे खरं कशावरून.

आई बरी आहे. थंडीत जप, माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मी-ओक ताई