भट्टीवरचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. बोचरी थंडी.

अंबडच्या आमच्या कारखान्यात रंग सुकवायची भट्टी आहे. तिच्या पत्र्यावर एकच डबा नीट गरम राहतो आणि ती जागा देवरेकाकांची. सकाळी आल्याआल्या ते डबा तिथे ठेवतात. आज मी तो उचलून खाली टेबलावर ठेवला आणि माझा वर. रोज गार उसळ खायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. जेवणाआधी परत बदलणार होते. राहिलंच.

काकांची बाजरीची भाकरी पार कडक झाली होती, पिठल्याची तर वडीच. डब्याकडे बघत म्हणाले, "वर ठेवायचाच विसरलो बघ. घरी म्हणतात ते खरंय, हल्ली काही लक्षातच राहत नाही माझ्या."

तेव्हा तरी बोलायचं ना! मी म्हणाले काय, तर "होतं असं, काका."

होतं असं! आणि समोर माझी मटकी वाफाळत होती. त्यांना वाटीभर दिली, तर केवढे खूश झाले.

उद्या त्यांचाच डबा वर ठेवीन, पण त्यानं काय होणार? एव्हाना ते घरी पोचले असतील. काकूंना सांगतही असतील, आज डबासुद्धा विसरलो म्हणून.